तालीम: गुणाची आणि आर्चीची

अभिनय शिकवता येतो का, हा प्रश्न पुण्या-मुंबईत परिसंवादात विचारला जातो. मोहोळमध्ये तो वेगळ्या शब्दांत येतो. कॉलेजच्या युवा महोत्सवात एकांकिकेत चमकलेलं एखादं पोर म्हणतं, मला नाट्यशाळेत जायचंय. आणि घरातलं किंवा कट्ट्यावरचं कुणीतरी म्हणतं, तीन वर्षं घालवून काय मिळणार? आर्चीनं कुठं कोर्स केला होता?

या प्रश्नाला उत्तर नसतं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ते आपल्याच जिल्ह्यात पडलेलं आहे, फक्त दोन तुकड्यांत. एक तुकडा अतुल कुलकर्णी. जन्म बेळगावचा, पण शाळा सोलापूरची, हरिभाई देवकरण. पुढं सोलापूरच्याच ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत कामं, आणि तिथून दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी. १९९५ साली तिथला पदविकाधारक. दुसरा तुकडा रिंकू राजगुरू. अकलूजची, माळशिरस तालुक्यातली. ‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा शाळकरी वयाची, अभिनयाचं कुठलंही प्रमाणपत्र नसलेली. मोहोळमधून बघितलं तर सोलापूर एका बाजूला पस्तीसेक किलोमीटर, आणि अकलूज दुसऱ्या बाजूला पंढरपूरच्या पलीकडं. एवढ्याशा टापूत मराठी अभिनयाची दोन टोकं सापडतात. म्हणून या प्रश्नाचा निकाल परिसंवादात लावण्यापेक्षा या दोघांची कामं शेजारी ठेवून बघणं जास्त बरं.

आधी शाळेबद्दल थोडं, कारण एनएसडी म्हणजे नक्की काय हे गावाकडं फारसं कुणाला ठाऊक नसतं. संगीत नाटक अकादमीनं १९५९ साली ती काढली, १९७५ साली ती स्वतंत्र झाली. तिला आजचं रूप दिलं इब्राहिम अल्काझींनी. हा माणूस पुण्यात जन्मलेला, लंडनच्या नाट्यशाळेत शिकलेला, आणि १९६२ पासून पंधरा वर्षं दिल्लीत एनएसडीचा संचालक. त्यांच्या काळात विद्यार्थ्याला नुसती भूमिका मिळत नसे. सेट ठोकणं, दिवे लावणं, कपडे सांभाळणं, झाडू मारणं, वेळेवर येणं हे सगळं अभ्यासक्रमात धरलेलं होतं. ओम पुरी, नसीरुद्दीन शाह त्या काळातले. आपल्याकडच्या रोहिणी हट्टंगडीही त्याच काळातल्या. ‘गांधी’ सिनेमातल्या कस्तुरबांसाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या जेमतेम तिशी ओलांडलेल्या होत्या, आणि पडद्यावर म्हातारपणापर्यंतची बाई उभी केली होती. वय ही गोष्ट मेकअपनं येत नाही, पाठीच्या कण्यातून येते, हे कुणीतरी शिकवावं लागतं.

दर वर्षी देशभरातून फार तर दोन-तीन डझन मुलं एनएसडीत घेतली जातात. चीनमध्ये हेच चित्र आणखी मोठ्या आकारात दिसतं. पेइचिंगची मध्यवर्ती नाट्य अकादमी १९५० सालची. सुरुवातीच्या वर्षांत तिथं सोव्हिएत तज्ज्ञ येऊन स्तानिस्लावस्कीची पद्धत शिकवत होते. आज हजारो पोरं प्रवेशपरीक्षेच्या रांगेत उभी असतात: कविता म्हणून दाखव, गाऊन दाखव, अंग हलवून दाखव, आयत्या वेळी दिलेला प्रसंग करून दाखव. गाँग ली, च्यांग झीई या तिथल्याच. गाँग ली तर विद्यार्थिनी असतानाच ‘रेड सोरघम’मध्ये झळकली, आणि १९८८ साली त्या सिनेमाला बर्लिनचं सोनेरी अस्वल मिळालं. या बाईकडं पुन्हा यायचंय, कारण तिची एक भूमिका आपल्या प्रश्नाशी थेट बोलते.

आता ‘नटरंग’. १ जानेवारी २०१०, दिग्दर्शक रवी जाधव, मूळ कादंबरी आनंद यादवांची. गाणी सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळं सिनेमा काय सांगतो ते विसरायला झालंय. गुणा हा शेतमजूर. कमावलेल्या अंगाचा, तमाशाचा वेडा. विहिरीवर इंजिन येतं आणि त्याच्यासारख्यांची मजुरी जाते. मग तो तमाशाचा फड काढायला निघतो. त्याला व्हायचंय राजा. पण नाचणारीची अट असते की फडात नाच्या पाहिजे, आणि नाच्या व्हायला कुणी तयार नसतं. म्हणून गुणा स्वतः नाच्या होतो.

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. पैलवान तालमीत जातो आणि नटही तालीम करतो. ‘नटरंग’ची सगळी कथा या दोन अर्थांच्या मधल्या फटीत घडते. एका तालमीत गुणानं जे शरीर कमावलं, तेच दुसऱ्या तालमीत त्याला मोडावं लागतं. मला वाटतं मराठी सिनेमात अभिनयाच्या शिक्षणावर इतका थेट सिनेमा दुसरा नाही, आणि तो तसा म्हणून फारसा कुणी पाहिला नाही. आपण तो पुरुषपणावरचा सिनेमा म्हणून बघितला, लावणीचा सिनेमा म्हणून ऐकला.

अतुल कुलकर्णीनं या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं, हे तेव्हा पेपरांत पुष्कळ छापून आलं. ते खरंय, पण ती जिमची गोष्ट झाली. खरी कमाई आहे ती मधल्या टप्प्यात, जिथं गुणाला नाच्याची चाल अजून जमलेली नाही. न जमणं दाखवणं ही नटासाठी सगळ्यात अवघड गोष्ट. येत असलेली गोष्ट चुकवून दाखवली की ती विनोदी नकलेसारखी दिसते. आपल्या गॅदरिंगमध्ये पोरं साडी नेसून येतात तशी. इथं तसं होत नाही. खांदे अजून पैलवानाचे आहेत, मनगट मात्र ऐकायला लागलंय. कंबर अजून लाजते. पुढं पुढं जीव हळूहळू मनगटातून खांद्यात चढत जातो आणि एका क्षणी सगळं अंगच बदललेलं असतं. शरीराचे असे भाग वेगवेगळे करून त्यांना वेगवेगळ्या वेगानं शिकवणं, हे नाट्यशाळेचं काम. ते आपोआप येत नाही. ज्याला येतं त्यानं ते कुठंतरी घासलेलं असतं.

हाच नट रंगभूमीवर ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये गांधीजी झाला होता. आणि पुढं २००० साली ‘हे राम’मध्ये गांधीजींच्या खुनाचा कट रचणारा श्रीराम अभ्यंकर झाला, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला. पुढच्याच वर्षी ‘चांदनी बार’मधला पोत्या सावंत, पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार. एका माणसात गांधी, त्याचा मारेकरी आणि मुंबईचा गुंड मावतात, कारण तो यांपैकी कुणावरही स्वतःचा स्वभाव लादत नाही. शाळेचा फायदा मोजायचा तर इथं मोजावा.

पण ‘नटरंग’मध्येच शाळेचा तोटाही दिसतो, आणि तो लपवायचं कारण नाही. सुरुवातीच्या गावातल्या प्रसंगांत गुणा जरा जास्तच नीट बोलतो. शब्द कोल्हापूरकडचे आहेत, हेल धरलेला आहे, पण वाक्याची शेवटची अक्षरं स्वच्छ ऐकू येतात. खेड्यातला माणूस वाक्याची शेवटची अक्षरं अशी जपून ठेवत नाही. अर्धं गिळतो, अर्धं समोरच्यावर सोडतो. थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेला नट ते गिळू शकत नाही. किशोर कदमचा पांडबा शेजारी आला की हा फरक जाणवतो. त्याचं बोलणं थोडं फाटलेलं आहे, आणि म्हणून ते गावचं वाटतं.

बोलीचा हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात फार टोकदार आहे. सोलापूर शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच रिक्षात बसतात. ‘काय करलालाय बे’ हे वाक्य पुण्यात उच्चारलं की लोक हसतात, आणि मीम बनवतात. मोहोळकडं तो हेल जरा सैल होतो, करमाळ्याकडं नगरी-मराठवाडी वळण येतं, अकलूज-माळशिरसकडं फलटण-साताऱ्याची धार. एका जिल्ह्यात इतक्या मराठी. आणि टीव्हीवरच्या मालिकांत ‘गावाकडची भाषा’ म्हणून जे ऐकू येतं ते यातलं काहीच नसतं. ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ पेरलेली पुणेरी वाक्यरचना असते ती. ती बोलणारे नट बऱ्याचदा शिकलेलेच असतात.

इथून दिल्लीला जाणाऱ्या पोराची अडचण आणखी मोठी. तिथला व्यवहार हिंदीतून आणि इंग्रजीतून. आधी प्रमाण मराठी शिकायची, कारण स्पर्धेचे परीक्षक उच्चारांवर गुण कापतात. मग हिंदी शिकायची, त्यातही ‘श’ आणि ‘ज़’ वेगळे काढायचे. तीन वर्षांनी जीभ छान घासून गुळगुळीत होते. आणि मग मुंबईत कुणीतरी कास्टिंगवाला म्हणतो, गावाकडचा रोल आहे, जरा रॉ बोलता येईल का?

गाँग लीचं उदाहरण इथं कामाला येतं. चीनच्या नाट्यशाळांत प्रमाण चिनी उच्चारांचा आग्रह कडक. अशा शाळेतून आलेली, तोवर नाव झालेली ही नटी च्यांग यिमौच्या ‘द स्टोरी ऑफ छ्यू चू’ (१९९२) या सिनेमात खेड्यातली गरोदर शेतकरीण झाली. गावच्या मुखियानं नवऱ्याला मारलं म्हणून न्याय मागत एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत चालत राहणारी बाई. आजूबाजूला बरेचसे खरे गावकरी, पुष्कळ चित्रण कॅमेरा लपवून केलेलं, आणि बोली शान्शी प्रांताची, जी तिची नव्हती. ती शिकली. व्हेनिसला सिनेमाला सुवर्णसिंह आणि तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. सिनेमा बघताना गर्दीत नटी कोणती आणि गावकरी कोण हे शोधावं लागतं. म्हणजे शाळेत घासून गुळगुळीत केलेली जीभ पुन्हा खरबरीत करता येते. फक्त ते काम शाळेत कुणी शिकवत नाही, नटाला एकट्याला करावं लागतं, आणि दिग्दर्शकाला त्याची गरज वाटावी लागते.

त्याच च्यांग यिमौनं सात वर्षांनी उलटं केलं. ‘नॉट वन लेस’ (१९९९) मध्ये खेड्यातल्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून आलेली तेरा वर्षांची मुलगी आहे. भूमिका करणारी वेई मिनची खरंच खेड्यातली शाळकरी मुलगी होती, आणि तिचं नावही सिनेमात तेच ठेवलंय. पुन्हा व्हेनिस, पुन्हा सुवर्णसिंह. एकाच दिग्दर्शकाला दोन्ही रस्ते चालले.

आपल्याकडं हे नागराज मंजुळेनं केलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा माणूस. ‘सैराट’मधली आर्ची आठवायला मदत लागत नाही: बुलेट, ट्रॅक्टर, विहिरीवरचा तो थेट बघणारा डोळा. पण माझ्या मते रिंकूचं मोठं काम दुसऱ्या अर्ध्यात आहे, हैदराबादमध्ये, जिथं शिट्ट्या थांबतात. पाटलाच्या पोरीला झोपडीत राहावं लागतं. वास सहन होत नाही. कारखान्यात काम करावं लागतं. तिथं रिंकू काय करते? फारसं काही करत नाही. पहिल्या अर्ध्यात मान ताठ होती ती थोडी खाली येते, आवाज आखडतो, आणि बघण्याची सवय जाते. जी मुलगी सगळ्यांकडं रोखून बघायची ती आता जमिनीकडं बघून चालते. ज्या वयात मुलींना आरशासमोरून हलवावं लागतं त्या वयात तिनं हे केलं, आणि अकलूजकडच्या बोलीतला एकही शब्द दुरुस्त न करता केलं. तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तो उगीच नाही.

आता कट्ट्यावरच्या वाक्याकडं या. ‘तिनं कुठं कोर्स केला होता?’ पुढचं वाक्य न बोलता येतं: ती मुळातच तशी होती. ‘सैराट’ची परीक्षणं चाळून बघा, ‘नैसर्गिक’ हा शब्द डझनानं सापडेल. कौतुकाचा शब्द आहे, मान्य. पण तो काय लपवतो बघा. चित्रीकरणाआधीच्या तालमी लपवतो. एकच वाक्य पुन्हा पुन्हा घेणं लपवतो. दिग्दर्शक स्वतः त्याच मातीतला असल्यामुळं कुठला हेल खोटा पडला हे त्याला कानानं कळत होतं, आणि तो थांबवत होता, हे लपवतो. म्हणजे शाळा होतीच. विद्यार्थी दोन-चार, मास्तर एक, आणि अभ्यासक्रम एकाच सिनेमाचा.

‘नैसर्गिक’ हा शब्द कुणाला लावला जातो हेही बघण्यासारखं आहे. अतुल कुलकर्णी ‘अभ्यासू नट’ असतो. पुण्याच्या प्रायोगिक नाटकातली मुलगी ‘समजून काम करणारी’ असते. करमाळ्याचा, अकलूजचा, नागपूरच्या झोपडपट्टीतला नट मात्र ‘नैसर्गिक’. ‘झुंड’मधल्या अंकुश गेडामलाही हाच शब्द मिळाला, अमिताभ बच्चनसमोर उभं राहून. म्हणजे शहरातला माणूस अभिनय करतो आणि गावातला, वस्तीतला माणूस नुसता असतो. त्याचं काम हे काम म्हणून मोजलंच जात नाही. गावाकडच्या कष्टाला आपण एरवीही ‘सवय’ म्हणतो, मेहनत म्हणत नाही. त्यातलाच हा प्रकार.

याची जुनी आणि फार कडू आवृत्ती तमाशात आहे. मोहोळहून पुण्याच्या रस्त्यानं निघालात की टेंभुर्णीच्या आधी मोडनिंब लागतं. लावणीच्या जगात या गावाचं नाव आहे. तिथल्या थिएटरांत नाचणाऱ्या बायका लहानपणापासून शिकलेल्या असतात: पायात घुंगरू किती वजनाचे, अदा कुठल्या शब्दावर टाकायची, बैठकीत समोरच्या माणसाला किती जवळ येऊ द्यायचं आणि कुठं थांबवायचं. याला शिकवणारी असते, शिस्त असते, चुकलं की बोलणी असतात. पण लोक काय म्हणतात? त्यांच्या रक्तातच आहे. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबद्दलही हेच म्हटलं गेलं. गरोदरपणात बोर्डावर उभ्या राहिलेल्या, मधेच बाळंत होऊन पुन्हा नाचायला आलेल्या विठाबाईंची गोष्ट सगळा महाराष्ट्र सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, आणि २००२ साली गेल्या त्या हलाखीत. रक्तात आहे म्हटलं की फी द्यावी लागत नाही, पेन्शन द्यावी लागत नाही. अंगच्या गुणाला कोण पगार देतं?

तर शाळा आणि बिनशाळा असा सरळ भेद नाहीच. प्रत्येक नट कुणाच्या तरी हाताखालून गेलेला असतो. जुन्या नाटक मंडळ्या म्हणजे राहत्या शाळाच होत्या. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले ते पोरवयात. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. किशोर कदम सत्यदेव दुबेंच्या हाताखाली तयार झाला, ज्यांनी इमारत असलेली शाळा कधी काढली नाही आणि तरी मुंबईत नटांची पिढी घडवली.

किशोर कदमचं नाव आलंच आहे तर ‘फँड्री’तल्या एका प्रसंगाजवळ थांबू. माझ्या दृष्टीनं या सगळ्या वादाचं उत्तर त्या दोन मिनिटांत आहे. कचरू माने आणि त्याचं कुटुंब गावातलं डुक्कर पकडायला निघालंय. पोरगा जब्या लाजेनं मेलाय, कारण शाळा शेजारीच आहे आणि वर्गातली पोरं बघतायत. डुक्कर हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब आहे तिथं, आहे तसं उभं राहतं. डुक्कर निवांत निघून जातं.

या चौकटीत किशोर कदम, छाया कदम हे कसलेले नट आहेत, आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे आहे, करमाळा तालुक्यातल्या केमचा पोरगा. सगळ्यांना एकच काम दिलंय: हलायचं नाही. किशोर कदमचं न हलणं बघा. वाकलेल्या पाठीचा माणूस ताठ व्हायचा प्रयत्न करतो आणि पूर्ण ताठ होत नाही, कारण पाठ तशी राहिलेलीच नाही. डोळा मात्र डुकरावर. ही रचलेली गोष्ट आहे, विचार करून ठेवलेली, आणि तरी उचकून दिसत नाही. सोमनाथचं न हलणं वेगळं आहे. तो शाळेत शिकलेलं राष्ट्रगीताचं उभं राहणं उभा राहतो, रोजच्या प्रार्थनेतलं. आणि त्या सवयीच्या आत शरम उकळत असते. सोमनाथला किशोर कदमसारखं उभं राहता आलं नसतं. किशोर कदमलाही त्या पोरासारखं नाही. दिग्दर्शकाला दोन्ही हवे होते. सोमनाथला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्येही असंच मिश्रण आहे. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे आयुष्यभर चळवळीत राहिलेले कार्यकर्ते. सरकारी वकील झालेली गीतांजली कुलकर्णी एनएसडीची. ती कोर्टात कायद्याची कलमं अशा कंटाळलेल्या एकसुरीत वाचते की तहसील कचेरीत गेल्यासारखं वाटतं. मग लोकलमध्ये साडीबद्दल बोलते, घरी येऊन स्वयंपाक करते. एक क्षणही ‘बघा मी कशी साधी दिसतेय’ असं येत नाही. शाळा शिकून शाळा पुसून टाकलेलं हे काम.

मग त्या मोहोळच्या पोरानं काय करावं? इथं मी जरा कट्ट्याच्या विरुद्ध बाजूला आहे. बिनशाळेच्या नटाची पहिली भूमिका अफाट असू शकते, कारण ती त्याच्या मापानं शिवलेली असते. प्रश्न दुसऱ्या भूमिकेचा. रिंकूनं ‘सैराट’नंतर ‘कागर’ केला, लारा दत्ताबरोबर हिंदी मालिका केली, ‘झुंड’मध्ये आली, ‘झिम्मा २’मध्ये आली. यात ती वाईट कुठंच नाही. पण बहुतेक ठिकाणी तिच्याकडून आर्चीचाच ठसका मागितला गेला, थोडा कमी, थोडा जास्त. हा दोष तिचा म्हणता येत नाही. आपल्या सिनेमाला तिच्यातली नटी नको होती, आर्ची हवी होती. मात्र अशा वेळी हातात काहीतरी साधन असलेला नट दिग्दर्शकाला नाही म्हणू शकतो, किंवा तोच ठसका चौथ्यांदा मागितला तर तो पाचव्या प्रकारानं देऊ शकतो. अतुल कुलकर्णीला पोत्या सावंतनंतर गुंडांच्या रांगेत अडकवणं सोपं होतं. तो अडकला नाही. मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ असा फिरत राहिला. सोलापूरकराला भाषा बदलणं नवीन नसतं, तेही असेल. पण बरंचसं श्रेय तीन वर्षांच्या त्या घासण्याला द्यावं लागतं.

रील्सवर पोरांचा आत्मविश्वास मी बघतो तेव्हा हेच डोक्यात येतं. तीस सेकंदांत चेहरा कसा पकडायचा हे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. कॅमेऱ्याची भीती नाही, आणि मोठी गोष्ट म्हणजे स्वतःच्या बोलीची लाज नाही. ‘बे’ म्हणून लाखभर लोक हसवणारी पोरं आहेत. ही लाज जाणं ही नाट्यशाळेला न जमलेली गोष्ट फोननं केली. पण तीस सेकंदांच्या पुढं श्वास पुरत नाही. दोन तासांची भूमिका म्हणजे चेहरा बदलत राहणं नव्हे. पहिल्या प्रसंगातला माणूस शेवटच्या प्रसंगापर्यंत तोच ठेवून त्याला हळूहळू झिजवणं, यासाठी कुणीतरी बाहेरून बघणारा लागतो. फोन समोरून बघतो, पण थांबवत नाही.

शाळा दिल्लीचीच पाहिजे असंही नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. सतीश आळेकरांनी ते बरीच वर्षं चालवलं, मुक्ता बर्वे तिथलीच. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी वामन केंद्रेंनी २००३ साली उभी केली. केंद्रे स्वतः बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून एनएसडीत गेलेले आणि पुढं तिथलेच संचालक झालेले. या जागा एसटीनं एका दिवसात गाठता येतात. हॉस्टेलचा आणि खाण्याचा खर्च हा मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल. एनएसडीत विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, एवढं तरी घरच्यांना सांगून ठेवा.

मात्र एनएसडीचा अर्ज भरायला बसलात की सुरुवातीलाच अटी लागतात. पदवी हवी. काही नाटकांत काम केल्याचा अनुभव हवा. हिंदी आणि इंग्रजीची ओळख हवी. ‘नटरंग’मधला गुणा या तिन्ही अटींत बसत नाही. विठाबाई पहिल्याच अटीला गळाल्या असत्या. मोडनिंबच्या थिएटरात आज संध्याकाळी घुंगरू बांधून उभ्या राहणाऱ्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडं अनुभव मात्र ढीगभर असेल. अर्जात त्या रकान्यात नाटकाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव आणि प्रयोगाची तारीख लिहायची असते.